बूस्टर बसवला म्हणजे ड्युअल सर्किट झालं असं नाही

दुसऱ्या महायुद्धातली विलीज किंवा फोर्डची जीप कुणी कष्टानं उभी केली, की सुरक्षेसाठी काय काय केलं ते उत्साहानं सांगतो. पट्टे लावले, इंडिकेटर लावले, ब्रेकला बूस्टर बसवला. मी विचारतो, "सर्किट दोन केलीस का?" उत्तर ठरलेलं असतं, "बूस्टर आहे ना!" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते नीट लिहूनच काढावंसं वाटलं. बूस्टर म्हणजे पेडलवरचा जोर वाढवणारं यंत्र, आणि दोन सर्किट म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या दोन स्वतंत्र वाटा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक पायाचे कष्ट वाचवते, दुसरी जीव.

बूस्टर बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. आतल्या पडद्याच्या एका बाजूला इंजिनचा व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते. दाबातल्या फरकामुळे दांडा पुढे ढकलला जातो. वीस सेंटिमीटर व्यासाचा पडदा आणि दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोचा फरक धरला, तर साधारण १९० किलोचा जोर फुकटात मिळतो. डिझेल इंजिनला हा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, तिथे वेगळा पंप लागतो. बूस्टरबद्दल एवढं पुरे.

खरा घोळ पुढे आहे. हा जोर जातो कुठे? मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलात दाब आणणाऱ्या नळकांड्याच्या, पिस्टनवर. त्या काळातल्या जीपमध्ये मास्टर सिलिंडरला एकच पिस्टन असतो, आणि त्यातून निघालेलं तेल चारही चाकांना जातं. नळ्यांना कितीही फाटे फुटले तरी आतलं तेल एकच. एका चाकाचा रबरी होज फुटला, एखाद्या व्हील सिलिंडरचा (चाकातल्या तेलाच्या नळकांड्याचा) कप फाटला किंवा चॅसीला घासून एक नळी झिजली, की सगळं तेल तिथून बाहेर पडतं आणि दाब कुठेच तयार होत नाही. बाकी तीन चाकांचे लायनर नवे असोत, ड्रम नुकतेच टर्न केलेले असोत, काही उपयोग नाही. पेडल फ्लोअरला टेकतं. बूस्टर असेल तर ते जरा लवकर टेकतं, एवढाच फरक.

पुरावा लष्करानंच ठेवलाय. जीएमसीच्या अडीच टनी सीसीकेडब्ल्यू ट्रकला हायड्रोव्हॅक नावाचा व्हॅक्यूम बूस्टर कारखान्यातूनच होता, तेलाचं सर्किट मात्र एकच. नंतरच्या एम-३५ए२ ट्रकमध्ये ब्रेकला हवेच्या दाबाची भरपूर मदत आहे, तरी हवेच्या पुढचं तेल एकाच वाटेनं जातं. एक नळी फुटली की तो अवजड ट्रक ब्रेकविना राहतो. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दोन सर्किटांचे ब्रेक सक्तीचे झाले. बूस्टरची सक्ती त्या नियमात नव्हती.

ड्युअल सर्किटमध्ये मास्टर सिलिंडरच्या एकाच नळकांड्यात दोन पिस्टन एकामागे एक असतात. एकाचं तेल पुढच्या चाकांना, दुसऱ्याचं मागच्या. पेडलकडच्या पिस्टनचं तेल गेलं तर तो पुढे सरकत जाऊन दुसऱ्या पिस्टनला टेकतो आणि त्याला थेट ढकलतो. दुसऱ्याचं तेल गेलं तर तो नळकांड्याच्या टोकाला जाऊन थांबतो, आणि मग पहिल्याच्या तेलात दाब येतो. कसंही झालं तरी दोन चाकं धरतात. गाडी थांबायला अंतर जास्त लागतं, पण थांबते.

या वर्णनातच एक अट दडलीय. एक सर्किट गेल्यावर पेडल नेहमीपेक्षा बरंच खोल जातं, आणि तेवढी जागा खाली शिल्लक असायला हवी. ड्रममधले शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) सैल असतील किंवा पुशरॉड (पेडलचा जोर पिस्टनपर्यंत नेणारा दांडा) चुकीच्या लांबीचा असेल, तर दुसरं सर्किट धरण्याआधीच पेडल फ्लोअरला लागतं. दोन सर्किट विकत घेऊन गाडीत एकच राहतं. म्हणून मी आधी शू जुळवतो, मग पेडलचा फ्री प्ले, म्हणजे जोर लागण्याआधीची मोकळी हालचाल, बघतो. फ्री प्ले अजिबात ठेवला नाही तर तेल परत टाकीत जायची वाट बंद राहते आणि ब्रेक तापून जाम होतात.

गाडी चालवताना दोन्ही बिघाड ओळखणं सोपं आहे. बूस्टर गेला की पेडल दगडासारखं कडक होतं, पण जोर लावला तर गाडी थांबते. सर्किट गेलं की पेडल खाली जातं. कडक पेडलला घाबरणारे मी पुष्कळ पाहिलेत. घाबरायचं ते मऊ पेडलला.

मग इतक्या जीपना बूस्टर का लागतो? माझ्या मते बहुतेकदा आधीच्या चुकीमुळे. मूळ मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, एक इंचाचा. कुणीतरी मोठ्या गाडीचा सव्वा इंचाच्या आसपासचा टँडम (दोन पिस्टनांचा) सिलिंडर हाताशी आहे म्हणून बसवतो. सव्वा सोडा, सव्वा इंचाच्या निम्म्या वाटेवरचा, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा घेतला तरी पिस्टनचं क्षेत्रफळ जवळजवळ २७ टक्के वाढतं, आणि तेवढ्याच पायाच्या जोरात दाब २१ टक्के कमी पडतो. पेडल कडक लागतं, म्हणून बूस्टर येतो. बूस्टरला जागा हवी म्हणून मूळ पत्रा कापला जातो. ऐंशी वर्षं टिकलेला पत्रा अशा कारणासाठी कापलेला पाहिला की मला फार वाईट वाटतं. एक इंच बोअरचा टँडम सिलिंडर घ्या, शू नीट जुळवा. रिकामी जीप सुमारे ११०० किलोची, टायर अरुंद. एवढ्या गाडीला ड्रम ब्रेकवर बूस्टर लागत नाही, उलट तो असला तर ओल्या रस्त्यावर चाकं पटकन लॉक होतात. जड ट्रकची गोष्ट निराळी. तिथे बूस्टर ठेवाच, पण सर्किट दोन करा.

"हँडब्रेक आहे की" हा युक्तिवादही पुरत नाही. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवर आहे. तो उभी गाडी धरण्यासाठी. वेगात ओढला तर सगळा झटका शाफ्ट आणि डिफरन्शियलवर येतो.

काहींना पुढे डिस्क लावायच्या असतात. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा (डिस्कला पकडणाऱ्या चिमट्यापेक्षा) खाली असेल तर डिस्कच्या नळीत दर चौरस इंचाला दोन पौंडांचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब राखणारी झडप) टाका, नाहीतर तेल मागे उतरतं. ड्रमसाठीचा दहा पौंडांचा तिथे टाकला तर डिस्क घासत राहतात.

काम झालं की चाचणी घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. गाडी सपाट जागी, चाकांना लाकडी ठोकळे. मागच्या एका चाकाचा ब्लीडर (तेलातली हवा काढायचा स्क्रू) उघडा, त्याला नळी लावून बाटलीत सोडा, आणि कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. पेडल खोल जाईल, पण फ्लोअरच्या आधी घट्ट थांबायला हवं, आणि जॅकवर उचललेलं पुढचं चाक हातानं फिरता कामा नये. मग ब्लीडर बंद करून हवा काढा आणि हेच पुढच्या चाकाचा ब्लीडर उघडून, मागचं चाक उचलून करा. दोन्ही वेळा पेडल थांबलं तरच ते ड्युअल सर्किट. एकदा जरी फ्लोअरला लागलं, तर पुन्हा शू आणि पुशरॉडपासून सुरुवात.