तंबाखूमुक्ती संशोधन

धूम्रपान आणि धूरविरहित तंबाखूची सवय सोडवण्यासाठी कोणते उपाय खरोखर उपयोगी पडतात, याचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या सार्वजनिक आरोग्याच्या शाखेला तंबाखूमुक्ती संशोधन म्हणतात. नवी मुंबई हे या शाखेचे भारतातील एक महत्त्वाचे ठिकाण आहे. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था असून, बेलापूर येथील हीलिस सेखसरिया इन्स्टिट्यूटची ओळख साथरोगतज्ज्ञ प्रकाश गुप्ता यांच्या कामाशी जोडलेली आहे. गुप्ता व सहकाऱ्यांनी केरळ, आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांचा पाठपुरावा केला. समजावून सांगितल्याने अनेकांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्ट्यांचे प्रमाणही घटले, असा त्यांचा १९८६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष या शाखेचा भक्कम पाया मानावा लागेल.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून पाश्चात्त्य देशांत घडलेल्या पद्धती त्यामुळे येथे जशाच्या तशा चालत नाहीत. पनवेल-उरण भागातील एखादी बाई ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मनापासून ‘नाही’ म्हणते. ‘मशेरी लावता का?’ असे विचारल्यावर मात्र सकाळ-संध्याकाळचा हिशेब सांगते. प्रश्नावली स्थानिक सवयींनुसार बांधली नाही, तर पुढची सगळी आकडेमोड व्यर्थ जाते.

खरी कसोटी लागते ती ‘सोडली’ हे सिद्ध करताना. धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासातील कार्बन मोनॉक्साइड यंत्राने मोजता येतो, पण तो काही तासांतच उतरतो आणि मळलेल्या तंबाखूचा बार धरणाऱ्याच्या बाबतीत ही तपासणी निरुपयोगीच ठरते. अशा वेळी लाळेतील किंवा लघवीतील कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, तपासतात. मात्र सवय सोडण्यासाठी दिलेले निकोटिनचे च्युइंगम चालू असेल तर ही तपासणीही फसवते. निदान सहा महिन्यांचा पाठपुरावा हा मान्य निकष आहे. त्यात ज्यांचा संपर्क तुटतो त्यांची सवय सुटलेली नाही असेच धरले जाते. वाशीच्या बाजार समितीतील किंवा बांधकामांवरील कामगार गावी जातात, मोबाइल क्रमांक बदलतात. त्यांना पुन्हा गाठणारा क्षेत्रसेवक अभ्यासाचा कणा असतो, आणि शोधनिबंधांत त्याच्या श्रमांची पुरेशी दखल घेतली जात नाही.

या क्षेत्रात येणारे अभ्यासक वैद्यक, दंतवैद्यक, मानसशास्त्र, संख्याशास्त्र किंवा समाजकार्य अशा निरनिराळ्या वाटांनी येतात. सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, त्यानंतर पीएच.डी. आणि मग संशोधन प्रकल्पांवरील नेमणुका असा क्रम सर्वसाधारणपणे दिसतो. नेमणुका बहुधा अनुदानाच्या मुदतीपुरत्या असतात, तर कर्करोगावरील परिणाम दिसायला दशके लागतात. ही विसंगती तरुण संशोधकांना जाचते. तंबाखू उद्योगाचा निधी न स्वीकारण्याचे पथ्यही पाळावे लागते, कारण तसा निधी घेतलेले लेखन अनेक नियतकालिके छापत नाहीत.