सौना म्हणजे शेक, स्टीम म्हणजे वाफारा

तळघरात शेजारी शेजारी दोन दारं होती. डावीकडचं लाकडाचं, त्याच्या बाजूच्या डिस्प्लेवर ९० डिग्री. उजवीकडचं काचेचं, आतून सगळं पांढरं धुकं, त्यावर ४५. नवरा नागपूरचा, त्याला ४५ हा आकडा एकदम घरचा वाटला, म्हणे हे तर आमच्याकडे मे महिन्यात असतंच, इथून सुरू करू. चार मिनिटांत बाहेर, तोंड लालबुंद, "आत श्वासच घेता येत नाही गं." मग नणंदेने दामटून त्याला ९० वाल्या दारात बसवलं तर तिथे हा पठ्ठ्या दहा मिनिटं पाय पसरून बसला आणि वर म्हणतो कसा, हे बरंय की!

तर जागा म्हणजे ऑस्ट्रियातलं स्ट्रोबल, वोल्फगांगझे नावाच्या तळ्याच्या पूर्व टोकाचं गाव. झाल्झबुर्गहून १५० नंबरची बस पकडली की साधारण तासाभरात येतं. आम्ही एका पेन्शनमध्ये उतरलो होतो (निवृत्तीवाली पेन्शन नव्हे, तिकडे घरगुती छोट्या गेस्टहाउसला पेन्शन म्हणतात, खाली मालकांचं घर, वर पाहुण्यांच्या आठ-दहा खोल्या, सकाळी ब्रेड-चीज-जर्दाळूचा जॅम). नणंद म्युनिकला असते, तिला हे सगळं पाठ, आम्ही मात्र "वेलनेस" शब्द बघून खूश झालेले पहिलटकर. आणि परत आल्यावर ज्याला त्याला सांगताना लक्षात आलं की आपल्याकडे सौना आणि स्टीम हे लोक एकच समजतात. जिममध्ये पाटी असते "स्टीम-सौना", कोणी "सोना बाथ" म्हणतं, आणि दोन्हीतून आलेला माणूस "स्टीम घेऊन आलो" असंच सांगतो. म्हणून हे लिहितेय.

आजीच्या भाषेत सांगायचं तर सौना म्हणजे शेक आणि स्टीम म्हणजे वाफारा. किंवा अजून सोपं, पापड भाजतात आणि मोदक उकडतात. सौनात तुम्ही पापड, स्टीममध्ये मोदक.

सौना ही लाकडाची खोली, आत एक भट्टी, आजकाल बहुतेक विजेची, तिच्यावर दगड रचलेले. हवा ८० ते १०० डिग्री पण कोरडी, दमटपणा साधारण १०-२० टक्के. स्टीम बाथला तिकडे दाम्फबाड म्हणतात, ती टाइल्सची खोली, बाहेर कुठेतरी वाफ बनवणारं यंत्र आणि आत फुस्स करून वाफ येते, तापमान ४०-५० च्या मधे आणि दमटपणा १०० टक्के, समोरचा माणूस दिसत नाही इतकी. आता ९० मध्ये बसवतं आणि ४५ मध्ये जीव नकोसा होतो हे कसं? तर ते नागपूर आणि मुंबईचं भांडण आहे. मी दादरची, आमचं लग्न झाल्यापासून हा वाद चालू आहे. तो म्हणतो तुमच्याकडे ३४ ला काय रडता, आमच्याकडे ४५ असतं. मी म्हणते तुमच्याकडे घाम वाळतो रे, आमच्याकडे तो अंगावरच बसून राहतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, तीच आपली कूलिंग सिस्टीम. सौनात हवा कोरडी, घाम आला की उडतो, त्यामुळे हवा ९० ची असली तरी कातडी तेवढी तापत नाही. शिवाय हवा उष्णता फार हळू देते, ओव्हनमध्ये क्षणभर हात घालून भांडं काढता येतं पण त्याच ओव्हनचा पत्रा चुकून लागला की फोड, तसंच.

स्टीममध्ये उलटं. तिथे घाम वाळायला हवेत जागाच नाही. आणि याच्या पुढची गंमत मला नणंदेच्या नवऱ्याने सांगितली. फ्रिजमधून थंड बाटली बाहेर काढली की मुंबईत दोन मिनिटांत तिला बाहेरून पाणी सुटतं बघा, स्टीम रूममध्ये ती बाटली म्हणजे आपण. खोलीत सगळं ४५ चं आणि आपली कातडी ३५-३६ ची, त्या खोलीतली सगळ्यात गार वस्तू आपणच, मग वाफ येऊन आपल्यावर पाणी होऊन बसते आणि बसताना स्वतःची उष्णता अंगात सोडते. शाळेत अप्रकट उष्मा शिकलो होतो ना, दहा मार्कांसाठी घोकलेला, तोच हा. कुकरची वाफ हाताला लागली की उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते ते पण याच्यामुळेच. म्हणजे स्टीममधून बाहेर आल्यावर "बापरे किती घाम निघाला" म्हणून आपण जे पुसतो ना, त्यातला बराचसा घाम नसतोच, ती खोलीतली वाफ असते. हे ऐकून नवऱ्याचा चेहरा पडला होता, त्याला वाटत होतं चार मिनिटांत अर्धा किलो उतरला.

आता एक घोळ अजून आहे. सौना कोरडा म्हणालो पण सौनातसुद्धा दगडांवर पाणी ओततात. जर्मन बोलणारे त्याला आउफगुस म्हणतात, फिनलंडमध्ये त्या उठलेल्या वाफेला लोय्लू असा शब्द आहे. लाकडी बादली, लाकडी पळी, दोन-तीन पळ्या पाणी दगडांवर, चर्र आवाज, आणि पाच-सहा सेकंदांनी कानांवर आणि खांद्यांवर गरम लाट येऊन बसते. पाणी ओतल्यावर भट्टीचं तापमान वाढलेलं नसतं, हवेतलं पाणी वाढलेलं असतं, म्हणजे दोन मिनिटांसाठी सौना थोडासा स्टीमसारखा वागतो, मग परत कोरडा होतो. त्यामुळे "आत पाणी ओतत होते म्हणजे ती स्टीमच" असं नसतं. आणि पळी उचलण्याआधी बाकीच्यांना विचारायचं, हा तिथला रिवाज आहे. मी विचारलं नव्हतं, एकदम चार पळ्या टाकल्या आणि वरच्या बाकावरचे आजोबा काहीही न बोलता खालच्या बाकावर येऊन बसले. वरचा बाक आणि खालचा बाक यात म्हणजे खरंच जमीन-अस्मानाचा फरक असतो, गरम हवा वर जाते, नवख्याने खालीच बसावं.

आत वागायची पद्धत पण दोन्हीकडे वेगळी आणि त्याचं कारणसुद्धा लाकूड आणि टाइल्स हेच आहे. सौनात लाकडाला घाम लागता कामा नये, लाकूड घाम पितं आणि मग वास येतो, म्हणून मोठा टॉवेल अंथरायचा, बसलात तर पायाखालीसुद्धा टॉवेल आला पाहिजे. स्टीममध्ये टॉवेल नेलात तर तो भिजून चिखल, तिथे भिंतीला पाण्याचा पाइप असतो, बसायच्या आधी आपली जागा धुवायची आणि उठल्यावर परत धुवायची. अंघोळ दोन्हीच्या आधी कंपल्सरी, पण सौनात जाताना अंग नीट पुसून कोरडं करून जायचं, घाम लवकर येतो. स्टीमला ओलं गेलात तरी चालतं, तिथे कोरडं राहणारच कोण आहे.

आणि बायांनो दागिने! सोना बाथमध्ये सोनं नेऊ नका. लाकूड ९० ला तापलं तरी बुडाला चटका बसत नाही कारण ते उष्णता सोडायला आळशी असतं, धातूचं तसं नाही. माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, पाच मिनिटांत वाट्या छातीला अशा चिकटल्या की मी ताडकन उठले. नणंद म्हणाली, "वहिनी, मी म्हटलं होतं ना खोलीत काढून ठेवा." म्हटलं होतं, पण मला वाटलं ती पोहायच्या तळ्याबद्दल बोलतेय. चष्म्याची धातूची फ्रेम पण तशीच. स्टीममध्ये चटका एवढा बसत नाही, तिथे चष्मा फक्त आंधळा होतो.

आता तो विषय. ऑस्ट्रिया-जर्मनीत सौनाच्या भागात बऱ्याच ठिकाणी कपडे घालून जाता येत नाही, पाटीवर टेक्स्टिलफ्राय असं लिहिलेलं असतं, स्विमिंग कॉस्च्युमसुद्धा नाही, आणि बाई-पुरुष एकत्र. मी पहिल्या दिवशी कॉस्च्युम घालून गेले तर एका आजींनी फार प्रेमाने खुणेने सांगितलं की हे काढ. मी तशीच मागे फिरून जिने चढून खोलीत. दुसऱ्या दिवशी नणंदेने मार्ग काढला, मोठा टॉवेल काखेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून बसलं तरी तिथे कोणाची हरकत नव्हती, आणि खरं सांगू, कोणी कोणाकडे बघत नाही, सगळे डोळे मिटून बसलेले. छोट्या पेन्शनचा फायदा असा की पुष्कळ ठिकाणी सौनाची वेळ फक्त तुमच्या कुटुंबासाठी राखून देतात, आधी विचारायचं. स्टीममध्ये पण नियम तोच असतो पण धुक्यात लाज कमी वाटते, हे माझं प्रामाणिक मत.

बाहेर आल्यावर काय करायचं यात मला सौना सरळ सरळ उजवा वाटतो. ९० मधून बाहेर पडलं की आधी दोन मिनिटं नुसतं मोकळ्या हवेत उभं राहायचं, मग पायापासून वर गार पाणी, आणि हिंमत असेल तर तळं. आमच्या पेन्शनपासून लाकडी धक्का तीस पावलांवर. सप्टेंबर संपत आलेला, धक्क्यावरच्या पाटीवर खडूने पाण्याचं तापमान १६ लिहिलेलं, अंगातून वाफा निघतायत, समोर शाफबर्गचा डोंगर अंधारात नुसता आकार, आणि त्या पाण्यात उतरल्यावर पहिले तीन सेकंद शिव्या आणि नंतर अंगभर मुंग्या. वोल्फगांगझे तब्बल ११४ मीटर खोल आहे, मी शिडी सोडली नाही. स्टीमनंतर पण असं करता येतं पण ती मजा येत नाही, अंग आधीच ओलं आणि ढिलं झालेलं असतं, तेव्हा गार शॉवर आणि गुपचूप आडवं होणं बरं. आडवं व्हायला वेगळी खोली असते, पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं, पाणी प्यायचं, आणि मग दुसरा राउंड. सौनात एका वेळी ८ ते १५ मिनिटं पुरे, स्टीममध्ये लोक थोडं जास्त बसतात, पण चक्कर आल्यासारखं झालं की घड्याळ न बघता उठायचं. जेवून लगेच नाही, बीअर पिऊन तर अजिबात नाही. बीपी, हृदयाचं काही, किंवा गरोदर असाल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दोन्ही दारं बंद.

फायद्याच्या गप्पा फार चालतात म्हणून तेवढं सांगते. घामातून विषारी द्रव्यं जातात हे मला पटत नाही, ते काम किडनी आणि लिव्हर करतात. वजन उतरतं ते पाण्याचं, दोन ग्लासात परत. २०१५ मध्ये फिनलंडचा एक अभ्यास आला होता, २३१५ पुरुषांवर साधारण वीस वर्षं लक्ष ठेवून, त्यात आठवड्यातून जास्त वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू कमी दिसले. आता एक तर हा संबंध दिसला एवढंच, सौनामुळेच झालं असं सिद्ध होत नाही, आणि दुसरं म्हणजे तो अभ्यास कोरड्या सौनाचा, पण आपल्याकडे स्टीमवाले सर्रास तोच चिकटवतात. स्टीमचं माझ्यापुरतं काम म्हणजे चोंदलेलं नाक, वाफाऱ्याने जे होतं तेच, फक्त डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकावं लागत नाही. शाफबर्गवरून चालत उतरलो त्या संध्याकाळी (वर जायला १८९३ पासूनची दातेरी रुळांची रेल्वे आहे, उतरताना शहाणपणा सुचला आणि चालत आलो) पिंढऱ्या दगड झालेल्या, तेव्हा मात्र सगळे न बोलता ९० च्या दाराकडे गेलो.

बुकिंग करताना एक बघा. छोट्या पेन्शनमध्ये "वेलनेस" लिहिलं असेल तर बहुतेक वेळा सौना असतो आणि स्टीम नसते, कारण सौना म्हणजे एक लाकडी खोकं आणि भट्टी, तळघरात मावतं, स्टीमला टाइल्स, निचरा, वाफेचं यंत्र आणि त्यातला क्षार काढत बसायचं. फोटो बघा, लाकूड दिसलं तर सौना, टाइल्स दिसल्या तर स्टीम. लाकडाची पण एका माणसापुरती, काचेच्या दाराची, आत लाल दिवे असलेली पेटी दिसली तर ती तिसरीच, इन्फ्रारेड केबिन, तिच्यात हवा फार तापत नाही, नुसती पाठ शेकते, आणि ती आणि सौना एकच असं रिसेप्शनवर कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. आणि सौना हवा असेल तर तासभर आधी सांगून ठेवायचं, दगड तापायला तेवढा वेळ लागतो. आम्ही शेवटच्या संध्याकाळी सांगायला विसरलो. सात वाजता टॉवेल गुंडाळून खाली गेलो तर डावीकडच्या डिस्प्लेवर २२, उजवीकडे ४५, आणि नवरा त्या ४५ कडे बघत म्हणाला, मी वर जाऊन बॅगा भरतो.