द्राक्षबागेतला व्हॉल्व्ह आणि चर्चमधला ऑर्गन

तासगावकडे एका बागेत ठिबकचं ऑटोमेशन बसवत होतो. बागमालक बराच वेळ व्हॉल्व्हकडे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, बोटाएवढी ही कॉइल. ती एवढी मोठी लाइन उघडतीय कशी?"

खरं सांगायचं तर ती लाइन उघडतच नाही. व्हॉल्व्हच्या आत रबरी पडदा असतो आणि त्याच्या वरच्या बाजूला साठलेलं पाणी त्याला दाबून धरतं. कॉइल, म्हणजे वीज दिली की चुंबक होणारी तारेची गुंडाळी, फक्त एक बारीक भोक उघडते. वरचं पाणी तिथून निसटतं आणि खालचं पाणी आपल्याच जोराने पडदा उचलतं. जोर पाण्याचा, कॉइल नावापुरती.

हीच युक्ती युरोपातल्या पाइप ऑर्गनमध्ये, म्हणजे पाइपांतून हवा सोडून वाजणाऱ्या चर्चमधल्या मोठ्या वाद्यात, एकोणिसाव्या शतकात आली. फक्त तिथे पाण्याच्या जागी हवा आहे आणि रबराच्या जागी मऊ चामडं.

सांगलीत 'ऑर्गन' म्हटलं की संगीत नाटकातली पायपेटी आठवते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटकाचा खेळ केला तो इथेच, तेव्हा नाटकाच्या वाद्यांशी आमचं नातं घरचंच. पण पायपेटीत सूर निघतो तो पितळी रीडमधून. पाइप ऑर्गनचे बहुतेक पाइप बासरीच्या जातीचे असतात: हवेचा झोत पाइपच्या धारदार कडेवर आपटतो आणि पाइपमधली हवा थरथरते. बासरीला भोकं असतात, इथे प्रत्येक सुराला स्वतंत्र पाइप. की-बोर्डला साधारण ६१ पट्ट्या, म्हणजे एका जातीच्या आवाजाला ६१ पाइप. अशा दहा जाती धरल्या की ६१० झाले. सर्वांत जाड सुराचे पाइप दोन-तीन माणसांच्या उंचीचे, तर बारीक सुराचे पेन्सिलीएवढे.

आता गंमत बघा. या पाइपांखाली हवेची पेटी असते आणि तिच्यातला दाब जेमतेम ७५ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका. वाढदिवसाचा फुगा फुगवायला याहून जास्त जोर लागतो. पण पाइपांच्या वाटेवरचं झाकण १५ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याचं क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला साडेसात ग्रॅम, म्हणजे एका झाकणावर सव्वादोनशे ग्रॅमचा भार. जुन्या ऑर्गनमध्ये पट्टीपासून झाकणापर्यंत लाकडी काड्या आणि तरफा असत आणि हा भार थेट बोटावर यायचा. दोन-तीन की-बोर्ड एकत्र जोडले की वादकाची बोटं भरून यायची. ठिबकवाली युक्ती हवी होती ती इथे.

विजेवर चालणारी रचना आली तेव्हा दुसरं दुखणं सुरू झालं: तारा. प्रत्येक पट्टीची तार, प्रत्येक स्टॉपची (कुठल्या जातीचा आवाज हवा ते निवडायच्या खुंटीची) तार. सुती धाग्यात गुंडाळलेल्या तारांच्या मनगटाएवढ्या जुड्या आणि हजारो संपर्क. हे संपर्क काळे पडायचे, मग ऐन प्रार्थनेत एखादा सूर गप्प व्हायचा. जुनी वायरिंग काढून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवतात ती मुख्यतः याच्यासाठी.

नव्या पद्धतीत ६१ पट्ट्यांना ६१ तारा लागत नाहीत. आठ आडव्या आणि आठ उभ्या ओळी केल्या की ६४ जागा मिळतात, म्हणजे १६ तारांत काम भागतं. घरातल्या कॅसिओतही हेच असतं. प्रोसेसर एकेका ओळीला सेकंदाला शेकडो वेळा विचारत राहतो, कोण दाबलंय? उत्तर एका पातळ केबलमधून पाइपांजवळच्या कार्डापर्यंत जातं आणि तिथून नेमक्या कॉइलला १२ ते १५ व्होल्ट मिळतात. यात उशीर होतो, पण काही मिलिसेकंदांचा. पाइप वादकापासून दहा मीटर लांब असतील तर त्यांचा आवाज त्याच्या कानी पोचायलाच जवळपास तीस मिलिसेकंद लागतात. तेव्हा प्रोसेसरच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

खरी कसोटी जोडणी करणाऱ्याची. मोठे पाइप एकाच बाजूला आले तर पेटी एकीकडे जड होते, म्हणून पुष्कळ ऑर्गनमध्ये पाइप एकाआड एक डाव्या-उजव्या बाजूला लावतात. पहिला सूर डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे. पट्ट्या मात्र सरळ ओळीत. तारांना नंबर न घालता जोडायला बसलात तर सा दाबल्यावर भलताच सूर वाजणार. मल्टिमीटरची बीप ऐकत एकेक तार तपासायची, दुसरा इलाज नाही.

दुसरी गोष्ट परतीच्या तारेची, म्हणजे सगळ्या कॉइलचा करंट परत नेणाऱ्या सामाईक तारेची. दहा बोटं, दहा जाती, म्हणजे एकाच वेळी शंभर कॉइल. प्रत्येकी ०.१५ अँपिअर धरले तरी १५ अँपिअर. शेतातल्या मोटारीला बारीक केबल टाकली की व्होल्टेज पडतं, तसंच इथेही. एकेकटा सूर ठणठणीत वाजतो आणि सगळे मिळून वाजवले की अर्धे मुके. परतीची तार जाडच हवी, आणि फ्यूज तर हवाच हवा.

हे सगळं वाचून मी कुपवाडच्या शेडमध्ये एकच पाइप उभा केला. ६० सेंटिमीटरचा पीव्हीसी, एक ब्लोअर, एक कॉइल आणि कॉइल चालू-बंद करायला एक ट्रान्झिस्टर. पहिल्याच दिवशी ट्रान्झिस्टर गेला. चूक माझीच, कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला नव्हता. कॉइलमधून वाहणारा करंट एकदम तोडला की तो थांबायला तयार नसतो. वाट मिळेना म्हणून कॉइल स्वतःच शेकडो व्होल्टचा झटका देते. डायोड त्याला कॉइलमध्येच गोल फिरायला वाट देतो. पांढऱ्या पट्ट्याची बाजू प्लसकडे, रुपया-दोन रुपयांचा भाग. त्याची किंमतही मोजावी लागते म्हणा. करंट हळू ओसरतो, कॉइल किंचित उशिरा सुटते आणि भराभर वाजवलं की सूर एकमेकांना चिकटतात. मग डायोडच्या जोडीला झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की उलट दिशेनेही वाट देणारा डायोड) घालून मधला मार्ग काढावा लागतो.

जानेवारीत सकाळी पाइप मोबाइलवरच्या ट्यूनरने लावून ठेवला. मेमध्ये भर दुपारी चालू केला तर सूर चढलेला. वायरिंग पुन्हा तपासली, सगळं जागेवर. मग डोक्यात उजेड पडला. हवेतला ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. १५ अंशांवरून ४० वर गेलं की सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर जातो. मिरजेतला तानपुरा त्याच उकाड्यात तार सैल पडून उतरतो, आणि माझा पाइप चढलेला. शेवटी पाइपच्या तोंडावर पुठ्ठ्याची नळी सरकवली, बोटभर लांबी वाढवली आणि ट्यूनरकडे बघत बसलो.