व्हिएतनामी निर्वासित आणि मनाच्या आजाराची लाज

अमेरिकेतली व्हिएतनामी कुटुंबं मनाच्या आजाराविषयी बोलत का नाहीत, असं विचारलं की ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे उत्तर ठरलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. घरात एकाला वेड लागल्याचं कळलं तर बाकीच्यांच्या सोयरिकी अडतात, ही भीती जुनीच. बाकीचं अर्धं मात्र राजकारणातून आलं.

फ्रेंच अमलात, १९१९ साली, सायगॉनजवळ बिएन होआला वेड्यांचं इस्पितळ उघडलं. पुढे दक्षिणेत त्या गावाचं नाव घेऊन माणसाला टोमणा मारता येऊ लागला, जसं आपल्याकडे ठाणं किंवा येरवडा. उपचार म्हणजे कोंडून ठेवणं, हे समीकरण तिथलं.

३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडली. जुन्या राजवटीचे सैनिक आणि अधिकारी ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत, म्हणजे नव्या सरकारच्या कैदेत, गेले, काहीजण दहा वर्षांहून जास्त काळ. तिथे कैद्याला स्वतःची जीवनकहाणी पुन्हापुन्हा लिहून द्यावी लागे. कुठे काम केलं, कोणाला ओळखतोस, काय चुकलं, सगळं. दोन जबाबांत फरक सापडला तर खैर नसे. तीन किंवा अधिक वर्षं छावणीत काढलेल्यांना अमेरिका आणि व्हिएतनाम यांच्यातल्या १९८९ च्या करारानंतर अमेरिकेत येता आलं. अशा माणसासमोर एखादा समुपदेशक फाइल उघडून बसतो आणि म्हणतो, मोकळेपणाने सांगा. तो माणूस गप्प बसला तर मी त्याला लाज म्हणणार नाही. हा अनुभवाने शिकवलेला सावधपणा आहे. होड्यांतून देश सोडून निघालेल्या बायकांचं मौन आणखी वेगळं. थायलंडच्या आखातात चाच्यांनी केलेले बलात्कार त्यांच्यापैकी अनेकींनी घरातसुद्धा सांगितले नाहीत.

गंमत म्हणजे आघातोत्तर तणावाचा आजार (पीटीएसडी) १९८० मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत आला, तो मुख्यतः याच व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या रेट्यामुळे. व्हिएतनामी रुग्णांकडे लक्ष देणारे डॉक्टर मोजके होते: ऑरेगनमध्ये डेव्हिड किन्झी, बॉस्टनमध्ये रिचर्ड मोलिका. रुग्ण डोकेदुखी, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन येत. किन्झींच्या गटाने १९८२ मध्ये व्हिएतनामी भाषेतली नैराश्याची प्रश्नावली तयार केली.

पैसा बराच उशिरा आला. कॅलिफोर्नियात २००४ च्या सार्वमताने मानसिक आरोग्यसेवेसाठी दहा लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर एक टक्का जादा कर बसवला. त्यातला काही वाटा प्रतिबंधासाठी, म्हणजे आजार वाढण्याआधीच रोखण्यासाठी होता, आणि अशा पैशातूनच मनाच्या आजाराची लाज मोडण्यासाठी व्हिएतनामी भाषेतलं साहित्य आणि प्रचार उभा राहिला. गरज खोटी नव्हती. २००८ च्या एका अभ्यासात पंचावन्नच्या पुढच्या व्हिएतनामींपैकी २१ टक्क्यांनी मनाच्या त्रासासाठी मदत हवी असल्याचं सांगितलं. गोऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होतं.

मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००४ च्या त्या कायद्याची मांडणी बदलली. त्या बदलानुसार मोठा हिस्सा बेघर रुग्णांच्या घरांसाठी आणि प्रतिबंधाचा पैसा जिल्ह्यांऐवजी राज्याच्या हाती. गावपातळीवर, त्यांच्याच भाषेत चालणाऱ्या छोट्या कामांना त्यातलं किती मिळेल, यावर वाद झाला.