तारण कधी होते? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

‘तुमचं तारण झालं आहे का?’ संजीवन सभांमध्ये, म्हणजे विश्वास नव्याने चेतवण्यासाठी भरणाऱ्या ख्रिस्ती सभांमध्ये, हा प्रश्न सरळ विचारतात. तारण म्हणजे पापातून सुटका. ती झाली का, असे विचारतात आणि कधी झालं, तेही विचारतात. अनेक कॅथलिक घरांत मात्र तो ऐकून माणूस बुचकळ्यात पडतो. बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, विश्वासाची वाटचाल अजून चालू. तारीख कुठली सांगायची? दोघेही पवित्र शास्त्राचाच दाखला देतात, आणि दोघांनाही तिथे आधार सापडतो.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, तारण आधी अगदी लौकिक आहे. पुढे तांबडा समुद्र, मागे फारोचे रथ, अशा कोंडीत मोशे लोकांना सांगतो की स्थिर उभे राहा, परमेश्वर आज तुमचे तारण कसे करतो ते पाहा. त्यात परलोकाचा विषय नाही. गुलामीतून सुटून जीव वाचवायचा आहे. अंतःकरण बदलण्याची भाषा ठळक झाली ती पुढे, पराभवानंतर. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजांनी यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले. मोशेचे नियमशास्त्र हाती असून ही वेळ का आली? यिर्मया आणि यहेज्केल या दोघा संदेष्ट्यांचेही बोट आतल्या बिघाडाकडे जाते. दगडी हृदय काढून मांसमय हृदय देईन, हे वचन यहेज्केलाच्या ३६ व्या अध्यायातले.

नव्या करारात येशू निकदेम या यहुदी पुढाऱ्याला ‘नव्याने जन्मले पाहिजे’ असे सांगतो, ते बहुतेकांना माहीत असते. मला मात्र यरीहोचा जक्कय जास्त बोलका वाटतो. हा मुख्य जकातदार, रोमी सत्तेसाठी कर गोळा करून गबर झालेला. बुटका, म्हणून येशूला पाहायला झाडावर चढतो. येशू त्याला पापांचा हिशेब विचारत नाही; तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच म्हणतो. हिशेब जक्कय आपणहून मांडतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट. नियमशास्त्राप्रमाणे गुन्हा कबूल करून परतफेड करणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा पुरत होता. चौपट हा मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्याचा दंड. म्हणजे त्याने स्वतःला चोराच्या रांगेत उभे केले. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळाले. ‘आज’ आहे, हे खरे. पण खिशाला हात घातल्यानंतरचे आहे.

पहिल्या शतकाच्या मध्यावर, तारणाला नेमके काय लागते यावरून, ख्रिस्ती मंडळीत पहिली मोठी ठिणगी पडली. यहूदियातून अंत्युखियाला आलेल्या काहींनी सांगितले, सुंता केल्याशिवाय तारण नाही. प्रकरण यरुशलेमच्या सभेपर्यंत गेले आणि परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, ते ओझे लादायचे नाही असे ठरले. प्रेषित पौलाची नव्या करारातली पत्रे याच धुमाळीत लिहिलेली आहेत, म्हणून कृपा आणि विश्वास यांवर त्याचा एवढा भर. तरी त्याच्याकडेही तारण तिन्ही काळांत येते. रोमकरांस पत्रात एके ठिकाणी आपले तारण झाले आहे, दुसरीकडे ते आता पूर्वीपेक्षा जवळ आले आहे. करिंथकरांना लिहिताना ते होत आहे. फिलिप्पैकरांना तर तो भीत व कापत आपले तारण साधून घ्या म्हणतो, आणि लगेच जोडतो की तुमच्यात कार्य करणारा देवच आहे. याकोबाचे पत्र तर कृतीवाचून विश्वास निर्जीव ठरवते.

पुढचा इतिहास या वाक्यांच्या ओढाताणीचा. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने सुधारू शकतो, या पेलागियस नावाच्या साधूच्या मताविरुद्ध बिशप ऑगस्टीन उभा राहिला. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ते मत फेटाळले. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी दोषी-निर्दोष ठरवण्याची कोर्टाची भाषा बाजूला ठेवून देवाच्या स्वभावात सहभागी होण्यावर भर दिला. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने रोमकरांस पत्राच्या आधारे केवळ विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरण्याचा आग्रह धरला आणि याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हटले. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने उत्तर दिले: आरंभ कृपेनेच होतो, पण तिला प्रतिसाद देत नीतिमत्त्वात वाढावे लागते. दोन्ही बाजू पौलाचीच वचने काढत होत्या.

तारीख सांगण्याच्या प्रथेला बळ मिळाले ते अठराव्या शतकातल्या धार्मिक जागृतीतून. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीने २४ मे १७३८ च्या सायंकाळी, पावणेनऊच्या सुमारास, आपले हृदय विलक्षण उबदार झाल्याची नोंद केली. गंमत अशी, की पवित्रतेत वाढत राहण्याची शिकवणही त्याने तेवढ्याच हिरिरीने दिली. ल्यूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी नीतिमान ठरण्याच्या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या त्या थेट १९९९ मध्ये, ऑग्सबर्गला.

हा गुंता महाराष्ट्रात एकाच आयुष्यात दिसतो, पंडिता रमाबाईंच्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. काही वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना आणून आधार दिला. त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये मोठे संजीवन झाले, आणि तिथल्याच बायका विणकाम करत, तेलाचा घाणा चालवत, छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करत राहिल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर हे काम चालूच होते.