कुकी, कमांड लाइनवरची

संकेतस्थळाने ब्राउझरकडे सांभाळायला दिलेला आणि पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर परत पाठवला जाणारा मजकुराचा छोटा तुकडा म्हणजे कुकी. एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांना, स्वतःची आठवण नसते. आत्ता आलेली विनंती मघाच्याच माणसाची आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हाती पडणाऱ्या बिल्ल्याचे काम कुकी करते. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी ही सोय काढली. २०११ च्या आरएफसी ६२६५ या इंटरनेटच्या नियमपत्रकामध्ये तिचे नियम प्रत्यक्ष वापराला धरून लिहिले गेले.

ब्राउझर हा बिल्ला न सांगता जपतो. कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, वेबवरचा मजकूर मागवणारे साधन म्हणजे कर्ल; स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी वाढवलेले हे साधन तसे करत नाही. त्याची कुकी यंत्रणा मुळात बंद असते. सर्व्हरने सेट-कुकी हेडर (उत्तराच्या माथ्यावरची, कुकी देणारी ओळ) पाठवला तरी कर्ल तो वाचून सोडून देते. डॅश बी (-b) हा पर्याय दिला की यंत्रणा सुरू होते, पण एक अट आहे : पुढच्या मजकुरात बरोबरचे चिन्ह असेल, तर तो मजकूरच कुकी म्हणून जातो आणि यंत्रणा बंदच राहते, चिन्ह नसेल, तर ते फाइलचे नाव मानले जाते. डॅश बी फक्त वाचते. काम संपताना कुकीज फाइलमध्ये लिहायच्या, तर डॅश सी (-c) वेगळे द्यावे लागते. नुसते डॅश सी दिले, तर जुनी फाइल न वाचताच तिच्यावर नवी लिहिली जाते आणि आधीचे लॉगिन हातचे जाते. म्हणून दोन्ही पर्यायांना एकाच फाइलचे नाव देण्याची पद्धत आहे.

ही फाइल साध्या मजकुराची असते आणि एकदा तरी उघडून पाहावी अशी असते. तिची मांडणी नेटस्केपच्या काळापासूनची आहे. एका ओळीत एक कुकी आणि टॅबने वेगळे केलेले सात रकाने : डोमेन, उपडोमेनला चालेल की नाही, पाथ, फक्त एचटीटीपीएसवर पाठवायची का, मुदत, नाव आणि मूल्य. मुदत १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत लिहितात. १७६७२२५६०० असा आकडा दिसला, तर ती कुकी १ जानेवारी २०२६ ला आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला संपते. मुदतीच्या जागी शून्य असेल, तर ती सेशन कुकी, म्हणजे त्या भेटीपुरतीच असलेली. एडिटरने टॅबच्या जागी स्पेस घातल्या, तर कर्ल ती ओळ धरत नाही. दुसरी अडचण हॅश चिन्हाची. हॅशने सुरू होणारी ओळ टिप्पणी समजली जाते, पण हॅशला लागून एचटीटीपीओन्ली असे लिहिलेले असेल, तर ती खरी कुकी असते, आणि लॉगिनची कुकी बहुधा तशीच असते. टिप्पण्या साफ करायला गेलेला माणूस नेमकी तीच पुसून बसतो.

फाइली उतरवणारे कमांड लाइनवरचे दुसरे साधन म्हणजे जीएनयू डब्ल्यूगेट; त्याची रीत उलटी आहे. त्यात कुकीज मुळातच चालू असतात, पण एका धावेपुरत्याच. सेव्ह-कुकीज हा पर्याय त्या कुकीज फाइलमध्ये ठेवतो, मात्र सेशन कुकीज वगळून. त्यांच्यासाठी कीप-सेशन-कुकीज सांगावे लागते. कर्ल त्या न सांगता लिहिते. वाचताना त्या नको असतील, तर कर्लला डॅश जे (-j) द्यायचे.

या बारकाव्यांचे मोल सांगलीत पावसाळ्यात कळते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका; २००५ आणि २०१९ पाहिलेल्या गावाला हे आकडे पाठ आहेत. समजा, सांगलीवाडीतल्या एखाद्या मुलाने लॉगिन मागणाऱ्या संकेतस्थळावरून पातळीचा तक्ता तासातासाला उतरवणारी स्क्रिप्ट लावली आहे. रात्री दोनला सेशन संपते. तीनला सर्व्हर तक्त्याऐवजी लॉगिनचे पान देतो, बहुतेकदा २०० हा यशाचाच कोड लावून. कर्ल शून्य कोड देऊन सुखरूप संपते, फाइलही तयार होते, फक्त तिच्यात आकडा नसतो. सर्व्हरने चुकीचा कोड दिला की कर्लला अपयश कळवायला लावणाऱ्या डॅश एफ (-f) पर्यायाचाही उपयोग होत नाही, कारण तो ४०० आणि त्यापुढच्या कोडांनाच चूक मानतो. गोठ्यातली जनावरे कधी हलवायची हे ज्या आकड्यावर ठरते, तो मिळाला की नाही हे फाइल उघडूनच तपासायला हवे : पहिल्या ओळीत तक्त्याचे शीर्षक आहे की एचटीएमएलचा टॅग. टॅग दिसला की नव्याने लॉगिन करून पुन्हा मागणे, हा स्क्रिप्टचा भाग असलाच पाहिजे.

लॉगिननंतर सर्व्हर दुसऱ्या पानावर धाडतो, तेव्हाही असेच होते. अशा वळवण्यामागे जायला सांगणारे डॅश एल (-L, मोठा एल) दिले पण कुकी यंत्रणा बंद, तर मधल्या टप्प्यावर मिळालेली कुकी पुढे जातच नाही. सर्व्हर पुन्हा लॉगिनकडे पाठवतो आणि कर्ल ५० फेऱ्यांनंतर थांबते.

कुकीची फाइल ज्याच्या हाती, त्याला पासवर्डची गरज उरत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या सामायिक लिनक्स यंत्रावर ती टीएमपी या सगळ्यांना खुल्या तात्पुरत्या फोल्डरात न ठेवता स्वतःच्या घरफोल्डरात, ६०० परवानगीने, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी ठेवावी. कुकीचे मूल्य थेट कमांडमध्ये लिहिले, तर ते शेलच्या (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामच्या) इतिहासात उरते. फाइल पुसली तरी सर्व्हरकडचे सेशन मुदतीपर्यंत जिवंतच असते. ते मिटवायला त्याच कुकीनिशी लॉगआउटच्या पत्त्यावर एक विनंती पाठवावी लागते, आणि फाइल त्यानंतर पुसायची.