पाचशे शहात्तरांतून एक

गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे गोडाधोडाचं ताट पाठवायची रीत आहे आणि घराघरावर कागदी चांदण्या लागतात. नाताळच्या सुट्टीतलं एक कोडं तिथूनच उचलू. एका वाड्यावर चार घरं आहेत : मारियाचं, रोहनचं, सावनीचं आणि पीटरचं. प्रत्येक घरून एक ताट आलं. एका ताटात नेवऱ्या (म्हणजे आपल्या करंज्याच), एकात दोदोल, एकात थराथरांची बेबिंका आणि एकात शंखासारखे वळलेले, तळलेले कुलकुल. चार घरांवर चार रंगांच्या चांदण्या आहेत : लाल, पांढरी, हिरवी, पिवळी. कुणाच्या घरचं ताट कशाचं आणि कुणाची चांदणी कोणत्या रंगाची?

१. नेवऱ्या हिरव्या चांदणीच्या घरून आल्या.
२. मारियाच्या ताटात दोदोल नाही आणि कुलकुलही नाहीत.
३. पीटरच्या घरावर पिवळी चांदणी आहे.
४. ज्या घरावर लाल चांदणी, त्याच घरचं ताट दोदोलचं.
५. रोहनची चांदणी लालही नाही, पांढरीही नाही.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे कोडं अर्धा-पाऊण तास पुरावं. साहित्य म्हणजे गणिताची चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर. पेन देऊ नका.

आधी तक्ता आखायचा. डावीकडे वरून खाली चार मुलांची नावं लिहायची. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे आधी चार पदार्थ आणि त्यांच्या पुढे चार रंग. मग मुलांच्या नावांखाली पुन्हा चार रंग लिहून त्यांच्यासमोर फक्त पदार्थांच्या खाली सोळा घरं आखायची. असे चार बाय चारचे तीन ठोकळे तयार होतात : मूल-पदार्थ, मूल-रंग आणि रंग-पदार्थ. एकूण घरं ४८. कोडं सुटतं तेव्हा त्यांतल्या १२ घरांत बरोबरची खूण असते आणि ३६ घरांत फुली. तिप्पट जागा फुल्यांनी व्यापलेली असते. मुलांना मात्र बरोबरची खूण करण्यातच मजा वाटते, फुल्या मारायचा कंटाळा येतो आणि बहुतेक मुलं अडकतात ती नेमकी याच कंटाळ्यामुळे. एका ठोकळ्यात एक बरोबर खूण झाली की त्याच आडव्या ओळीत तीन आणि उभ्या ओळीत तीन अशा सहा फुल्या लगेच मारायच्या. हे हाताच्या वळणी पडलं की निम्मं काम झालं.

सुरुवात तिसऱ्या सूचनेपासून करणं सोयीचं. पीटरला पिवळी, म्हणून सहा फुल्या. आता रोहनच्या ओळीत पिवळीवर फुली आहेच. पाचव्या सूचनेने लाल आणि पांढरीही गेली. उरली हिरवी. पहिली सूचना सांगते की हिरवीबरोबर नेवऱ्या, म्हणजे रोहनच्या ताटात नेवऱ्या. मारियाला दोदोल नाही, कुलकुल नाहीत आणि आता नेवऱ्याही गेल्या. तिच्या ताटात बेबिंका.

इथे गाडी थांबते. मारियाची चांदणी लाल की पांढरी? तिच्या रंगाबद्दल एकाही सूचनेत अवाक्षर नाही. इथे मुलं अंदाज करतात आणि तो निम्म्या वेळा बरोबर येतो, हीच पंचाईत. नशिबाने सुटलेलं कोडं मुलाला विचाराने सुटल्यासारखं वाटतं. खरा मार्ग तिसऱ्या, सगळ्यांनी दुर्लक्षिलेल्या ठोकळ्यातून जातो. चौथ्या सूचनेनुसार लाल आणि दोदोल ही जोडी फुटत नाही. मारियाकडे दोदोल नाही, म्हणून तिच्याकडे लालही नाही. तिची चांदणी पांढरी. सावनीला उरली लाल आणि तिच्यासोबत दोदोल, पीटरला कुलकुल. एका ठोकळ्यातली फुली दुसऱ्या ठोकळ्यात नेण्याची ही युक्ती ज्या मुलाला एकदा उमगते, त्याला पुढची कोडी भराभर सुटू लागतात.

आता या कोड्याच्या पोटातलं गणित. चार पदार्थ चार मुलांना वाटण्याचे प्रकार ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. चार रंगांचेही २४. दोन्ही मिळून २४ × २४ = ५७६ शक्यता. कोडं सोडवणं म्हणजे त्यांतल्या ५७५ खोट्या ठरवणं. वरच्या सूचना एकापाठोपाठ एक लावल्या, तर पहिलीनंतर १४४ उरतात, दुसरीनंतर ७२, तिसरीनंतर २०, चौथीनंतर ६ आणि पाचवीनंतर १. ‘मारियाला हे दोन नाहीत’ ही सूचना चारांतले दोन पर्याय उडवते, म्हणून ती बरोबर निम्मी छाटणी करते. थेट जोडी सांगणारी सूचना एकटी असताना चौथाईच शक्यता ठेवते. म्हणजे ‘आहे’ वजनदार आणि ‘नाही’ हलकी. कोडं अवघड करायचं असेल तर ‘आहे’च्या जागी ‘नाही’ घालत जायचं. पण मग सूचनांची संख्या वाढवावी लागते.

याचा एक जोडखेळही होतो. मोठ्या माणसाने ५७६पैकी एक मांडणी कागदावर लिहून लपवायची आणि मुलांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तराचे प्रश्न विचारायचे. प्रत्येक उत्तर फार तर शक्यता निम्म्यावर आणण्याची खात्री देतं. नऊ प्रश्नांत ५१२ मांडण्याच वेगळ्या ओळखता येतात, त्यामुळे कितीही हुशारीने विचारलं तरी हमखास उत्तरासाठी किमान १० प्रश्न लागणारच. ‘पीटरची चांदणी पिवळी आहे का?’ हा प्रश्न मोहात पाडतो, पण ‘पिवळी किंवा लाल आहे का?’ हा त्याहून चांगला. का, ते मुलांनाच शोधू द्या.

सूचना पाचच का? कारण चार पुरत नाहीत. दुसरी काढून पाहा : चार उत्तरं बसतात. पहिली किंवा चौथी काढली तरी प्रत्येक वेळी चार. पाचवी काढली तर सहा, आणि तिसरी काढली तर तब्बल दहा. याउलट एखादी सूचना काढूनही उत्तर एकच राहत असेल तर ती फाजील असते. छोट्यांच्या कोड्यात एखादी फाजील सूचना मुद्दाम ठेवावी, त्यांना तिचा आधार होतो. मोठ्यांच्या कोड्यात ती खुपते.

सुट्टीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलांनाच कोडं रचायला सांगावं. त्यांचा पहिला हट्ट असतो आधी सूचना लिहायचा. तसं केलं की एकतर सूचना एकमेकींच्या विरोधात जातात, नाहीतर दोन-तीन उत्तरं बसतात. आधी उत्तर ठरवायचं, मग त्याला धरून एकेक खरं वाक्य लिहायचं आणि शेवटी कोरा तक्ता आखून स्वतःच सोडवायचं. अंदाज न करता, केवळ फुल्या-खुणांच्या जोरावर शेवटपर्यंत पोहोचता आलं, तर उत्तर एकच आहे हे त्यातच सिद्ध होतं. वेगळा ताळा लागत नाही. अडचण एवढीच, की रचणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं आणि न कळत तो ते भरत जातो. म्हणून तपासणीला भावंड किंवा शेजारचा मित्र हवा.

मराठीत कोडं लिहिताना एक खास फट राहते. ‘दोदोल पाठवणारीच्या घरावर लाल चांदणी आहे’ असं लिहिलं की पाठवणारी मुलगी आहे हे फुकटात कळतं आणि रोहन, पीटर एका फटक्यात बाद होतात. इंग्रजीतून उचललेली कोडी मराठीत आणताना हे हमखास घडतं. ‘ज्या घरावर’, ‘ज्या ताटात’ अशी रचना वापरली की फट बुजते. किंवा हवी तर ती गुपचूप दिलेली सहावी सूचना म्हणून ठेवा. दुसरी चूक बाहेरच्या माहितीची. ‘बेबिंका मारियाचीच असणार, ती ख्रिस्ती आहे’ असं एखादं मूल म्हणेल आणि वरच्या कोड्यात त्याचं उत्तर बरोबरही येईल. त्याला विचारावं, हे कोणत्या सूचनेत लिहिलंय? म्हणूनच इथे नेवऱ्या रोहनकडे आणि दोदोल सावनीकडे ठेवलं आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी तीन मुलं आणि तीन पदार्थ एवढंच पुरे : सहा शक्यता, दोन सूचना. तीन मुलं, तीन पदार्थ, तीन रंग केले तर ३६. पाच-पाचचं कोडं घेतलं की एकदम १४,४०० होतात, ते सहावी-सातवीच्या पुढे.

या जातीचं सगळ्यात गाजलेलं कोडंही डिसेंबरातलंच. ‘लाइफ इंटरनॅशनल’ या मासिकाच्या १७ डिसेंबर १९६२च्या अंकात ते आलं होतं : पाच रंगांची पाच घरं, पाच देशांचे रहिवासी, प्रत्येकाचा प्राणी, पेय आणि सिगारेट वेगळी; पाणी कोण पितो आणि झेब्रा कुणाचा? शक्यता १२० चा पाचवा घात, म्हणजे २,४८८ कोटी ३२ लाख. व्हॉट्सअ‍ॅपवर ते ‘आइन्स्टाइनने लहानपणी रचलेलं’ म्हणून फिरतं. याला कसलाही पुरावा नाही. शिवाय त्या अंकातल्या कोड्यात कूल नावाची सिगारेट आहे आणि ती बाजारात आली १९३३मध्ये, तेव्हा आइन्स्टाइन चौपन्न वर्षांचे होते. मुलांना देताना सिगारेटींच्या जागी फळं घाला, तर्काला काही फरक पडत नाही.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक ठिकाण : ब्रिटनची गुप्तवार्ता संस्था जीसीएचक्यू. २०१५च्या तिच्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर २५ बाय २५ घरांचं कोडं होतं, ते काळं-पांढरं रंगवत गेलं की क्यूआर कोड उमटायचा. २०२१पासून ही संस्था दर नाताळला ११ ते १८ वयाच्या मुलांसाठी कोड्यांचा संच काढते.

सुडोकूही इथे येतोच. लहानांसाठी चार बाय चारचा, आकड्यांऐवजी चांदणी, घंटा, मेणबत्ती आणि झाड अशी चित्रं. पूर्ण भरलेले असे चौकोन फक्त २८८ आहेत आणि उत्तर एकच यायला किमान चार घरं भरून द्यावी लागतात. (नऊ बाय नऊच्या सुडोकूत हा आकडा १७, तो गॅरी मॅक्ग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केला.) भरलेल्या चौकोनातून चित्रं पुसत जाताना दोन चुका सर्रास होतात. घंटा आणि मेणबत्ती दोन्ही सगळीकडून पुसली गेली, तर त्यांची अदलाबदल करूनही उत्तर बसतं. वरच्या दोन्ही ओळी पूर्ण कोऱ्या राहिल्या तरी तेच, कारण त्या दोन ओळी एकमेकींच्या जागी जाऊ शकतात.

राहिला भेटवस्तूंच्या चिठ्ठ्यांचा खेळ. सहा मुलं, सहा नावं, डबीतून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची. दर वर्षी कुणालातरी स्वतःचंच नाव येतं आणि डबी पुन्हा हलवावी लागते. यात नशीब वाईट नसतं. सहा चिठ्ठ्यांच्या ७२० वाटण्यांपैकी कुणालाच स्वतःचं नाव न येणाऱ्या फक्त २६५ आहेत. तिघांत सहापैकी २, चौघांत २४पैकी ९, पाच जणांत १२०पैकी ४४. मुलं सहा असोत की सहाशे, हे प्रमाण साधारण ३६.८ टक्क्यांवर ठाम राहतं, म्हणजे १ भागिले २.७१८, गणितातल्या ‘ई’ या संख्येचा व्यस्त. म्हणूनच डबी सरासरी पावणेतीन वेळा हलवावी लागते. मोंमॉर या फ्रेंच गणितज्ञाने पत्त्यांच्या एका खेळावरून हा प्रश्न १७०८मध्ये मांडला होता.

‘स्वतःची आली तर परत टाकून दुसरी उचल’ हा नेहमीचा तोडगा नीट चालत नाही. शेवटच्याला अदलाबदल करायला चिठ्ठीच उरत नाही. तिघांच्या खेळात चारांतून एकदा तो स्वतःच्याच नावाशी अडकतो. सोपा उपाय असा : चिठ्ठ्या पालथ्या घालून पिसायच्या, गोलाकार मांडून उघडायच्या आणि प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या नावाला भेट द्यायची. एकदाच मांडायचं, हमखास जमतं. गुपित मात्र राहत नाही, आणि दोघांनी एकमेकांनाच भेट देण्याचे प्रकार यात कधीच येत नाहीत. चौघांच्या नऊ वाटण्यांपैकी असे तीन असतात.

त्याच नऊ वाटण्यांवर बेतलेलं हे शेवटचं. मीरा, कबीर, जोसेफ आणि तन्वी यांनी चिठ्ठ्या उचलल्या. स्वतःचं नाव कुणालाच आलं नाही. कुठल्याही दोघांनी एकमेकांना भेट दिली नाही. मीराची भेट कबीरला गेली. तन्वीला मिळालेली भेट जोसेफची नव्हती. कुणी कुणाला दिली?

एकमेकांना देण्याचे तीन प्रकार गेले की नवाचे सहा राहतात, मीरा-कबीर जोडीने दोन, शेवटच्या वाक्याने एक. मीराने कबीरला, कबीरने तन्वीला, तन्वीने जोसेफला आणि जोसेफने मीराला.